लिटल मॉर्टन हॉल वाकडा का झाला, आणि तो सरळ का करत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मँचेस्टरला मुलीकडे आला होतात, तिनं एका रविवारी चेशर परगण्यातला लिटल मॉर्टन हॉल दाखवला, आणि ते लाकडी घर पाहून तुमच्यातला निवृत्त सिव्हिल इंजिनिअर अस्वस्थ झाला. वरच्या दालनाची जमीन लाटांसारखी, भिंती बाहेर कललेल्या, अख्ख्या घरात एक रेघ ओळंब्यात नाही. हे असंच बांधलं की पुढं झालं? पाचशे वर्षं पडलं कसं नाही? आणि सांभाळायला एवढा खर्च करतात, तर एकदाच काय ते सरळ का करून घेत नाहीत? शिवाय काळ्या-पांढऱ्या रंगाबद्दल एक शंका, आणि एका तावदानावरच्या ओरखड्यांबद्दल एक.

मी वीस वर्षं इंग्लंडात जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याआधी पुण्यात वाड्यांची मोजमापं घेत फिरायचो. लिटल मॉर्टनच्या कामावर मी कधी नव्हतो, पण पाहुणा म्हणून सात-आठ वेळा गेलोय, आणि दर वेळी निम्मा वेळ मान वर करून उभा राहिलोय. त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे हे एका माणसानं एका आराखड्यावर बांधलेलं घर नव्हे. काँगलटन गावापासून सातेक किलोमीटरवर मॉर्टन नावाचं जमीनदार घराणं होतं. सरदार-दरकदार नव्हेत; आपल्याकडच्या भाषेत मातब्बर वतनदार म्हणा. १३४८ नंतर प्लेगच्या साथीत गावंच्या गावं ओस पडली, तेव्हा स्वस्तात जमिनी घेतल्या. पुढं आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले, तेव्हा आणखी घेतल्या. हाती पैसा आला आणि घर वाढत गेलं. सुमारे १५०४ ते १५०८ या काळात विल्यम मॉर्टननं मधला मोठा दिवाणखाना आणि पूर्वेकडचा काही भाग उभा केला. त्याच्या मुलानं, तोही विल्यमच, १५५९ मध्ये चौकाकडच्या बाजूला दोन भल्यामोठ्या बहुकोनी खिडक्या पुढं काढल्या. नातवानं, म्हणजे जॉननं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडची तीन मजली बाजू बांधली. देवडी तिच्यातच आहे. शेवटची भर १६१०च्या सुमारास पडली. म्हणजे तीन-चार पिढ्यांचं काम. खंदक तर घराहूनही जुना: दहा मीटर रुंद, बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकात त्या जागी आधी जे घर होतं त्याच्याभोवती खणलेला.

आता तुम्ही ज्या लाटांवरून चाललात त्या लाटा कुठं आहेत ते आठवा. जॉनच्या दक्षिण बाजूला, सगळ्यात वर. ते लांब दालन. सुमारे २१ मीटर लांब आणि फक्त पावणेचार मीटर रुंद, दोन्ही बाजूंना काचाच काचा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दालनात आहे.

सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या बड्या घरांना अशा दालनाचं वेड लागलं होतं. बाहेर चिखल-पाऊस, मग आतच येरझारा घालायच्या, पाहुण्यांना फिरवायचं, पोरांनी खेळायचं. लिटल मॉर्टनच्या दालनात भिंतीच्या लाकडी आवरणामागं जुने टेनिसचे चेंडू सापडलेत, त्यावरून खेळत होते एवढं नक्की. तर जॉन मॉर्टनलाही दालन हवं झालं. अभ्यासकांचं मत असं की मूळ बेतात ते नव्हतंच. खालचं काम चालू असताना आयत्या वेळी ठरलं आणि दोन मजल्यांच्या डोक्यावर तिसरा चढवला. मला हे पटतं, कारण बाहेरून पाहिलं तरी ते दालन घराचा भाग वाटत नाही. घरावर आणून ठेवल्यासारखं वाटतं.

त्यात छप्पर दगडी. कौलं नव्हेत, ग्रिटस्टोन नावाच्या खरबरीत वाळूच्या दगडाच्या चक्क फरश्या. तिकडचा तोच स्थानिक माल. खालच्या ओळीत मोठ्या, वर आढ्याकडं जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. असं छप्पर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर सहज जातं. तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून ढोबळ हिशेब मांडतो: २१ गुणिले ३.७ म्हणजे जमिनीवरचं क्षेत्र ७८ चौरस मीटरच्या आसपास. पाख्यांचा उतार ४५ अंश धरा, तर छपराचं क्षेत्र ११० चौरस मीटर. म्हणजे नुसत्या दगडाचे अकरा टन. त्यात वासे, कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), काच, शिसं, गिलावा, जमिनीच्या फळ्या, आणि वर नाचणारी माणसं धरलेलीच नाहीत. हे सगळं ज्या खांब-तुळयांवर आलं, त्यांना घडवताना सुताराच्या मनात हे ओझं बहुधा नव्हतं.

आणि खरी गंमत वजनाची नाहीच, ती कैचीची आहे. गुळगुळीत फरशीवर पाय फाकवून उभे राहा, पाय बाहेर घसरायला लागतात. छपराचे दोन पाखे भिंतींवर टेकले की तसंच होतं. भिंतींची डोकी बाहेर ढकलली जातात. इलाज सोपा आहे. दोन पायांना खाली दोरी बांधायची, म्हणजे कैचीच्या तळाशी आडवी तुळई टाकायची. पण ती तुळई दालनात माणसाच्या डोक्याच्या जरा वर आली असती आणि सगळा डौल गेला असता. म्हणून सुतारांनी तळाची तुळई गाळून कमानदार आधार दिले. दिसायला सुरेख. पण कमान जोर पेलते म्हणजे काय करते, तर तो बाजूला ढकलते. बाजूला भिंत असती तर गोष्ट वेगळी. इथं बाजूला सलग खिडक्या. लाकडी घराची भिंत ताठ राहते ती खांबांमधल्या तिरक्या आधारांमुळं, आणि खिडकीत तिरका आधार घालता येत नाही. म्हणजे वर दगड, मधे बाहेर ढकलणारी कमान, खाली काचेची भिंत. वरच्या मजल्याच्या भिंती बाहेर गेल्या यात नवल नाही. कुणीतरी वेळेत घाबरलं हे नशीब! आज तुम्हाला दालनात आडव्या तुळया दिसतात त्या बहुधा सतराव्या शतकात, हे फाकणं थांबवायला नंतर घातलेल्या आहेत. डौल गेला, घर राहिलं.

म्हणजे उत्तर असं: वाकडं बांधलं नाही, वाकडं झालं. पण म्हातारपणानं झालं असंही नाही. बराचसा वाक पहिल्या काही दशकांतच आला असणार, आणि त्याचं कारण लाकूड आहे.

या लोकांनी ओक वापरला तो ओला. झाड पाडलं की लगेच, फार तर वर्षभरात. आपल्याकडं सागवान वर्षानुवर्षं सुकवून मगच हात लावायची पद्धत, त्यामुळं इकडं आल्यावर मला हे ऐकून धक्काच बसला होता. पण सुकलेला ओक लोखंडासारखा होतो, पटाशीची धार पळवतो. ओला असताना तो लोण्यासारखा नाही तरी निदान पनीरसारखा कापला जातो. मोठ्या तुळईचा गाभा सुकायला पन्नास वर्षंही लागू शकतात, तेवढं कोण थांबणार? मग ओलंच जोडायचं आणि जागेवर सुकू द्यायचं. सुकताना ते लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण जाडी-रुंदीत आकसतं, आणि वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून बाहेरच्या दिशेनं. म्हणून चौकोनी कापलेला खांब पुढं शंकरपाळ्यासारखा होतो, पीळ खातो, उभ्या चिरा पडतात. त्या चिरा पाहून पर्यटक हळहळतात. त्या निरुपद्रवी आहेत.

आणि दुसरं, ओल्या लाकडावर कायमचं वजन ठेवलं तर ते लगेच वाकतं तेवढ्यावर थांबत नाही. हळूहळू वर्षानुवर्षं वाकत राहतं. तुम्ही काँक्रीटमध्ये याला क्रीप म्हणत असाल. ओल्या ओकमध्ये तो फार जास्त. मग लाकूड सुकतं आणि तो वाक त्याच्या अंगात कायमचा बसतो. वजन काढून घेतलं तरी तुळई परत सरळ होत नाही. तिचा आकारच तो झालेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला लागेल.

आता पडलं का नाही. यासाठी सांधा जवळून पाहायला हवा, आणि मला तेच सांगायला सगळ्यात आवडतं.

देवडीतून आत शिरताना एका बाजूच्या खांबाशी थांबा. खांब आणि आडवी तुळई जिथं भेटतात तिथं लाकडाच्या पृष्ठभागावर दोन-तीन गोल टिकल्या दिसतील, रुपयाच्या नाण्याएवढ्या, कधी किंचित बाहेर आलेल्या. त्या खुंट्यांची डोकी. आत काय आहे? तुळईच्या टोकाला जीभ काढलेली, खांबात तेवढीच खाच. जीभ खाचेत सरकवायची आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकायची. खिळा नाही, बोल्ट नाही, डिंक नाही. पण यात एक लबाडी आहे. खाचेतलं भोक आणि जिभेतलं भोक मुद्दामच एका रेषेत पाडत नाहीत. जिभेतलं दोन-तीन मिलिमीटर आत, खांद्याकडं पाडतात. खुंटी सरळ जाऊ पाहते, जाता येत नाही, ती स्वतः जराशी वाकते आणि सांधा करकचून ओढून घेते. शिवाय खुंटी सुकलेल्या लाकडाची आणि तुळई ओली. तुळई आकसत जाते तशी ती खुंटीला अधिकच आवळते. मी एका जुन्या कोठारातला असा सांधा सोडवताना खुंटी बाहेर काढली, तेव्हा ती चक्क इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली निघाली. अजून माझ्या टेबलावर आहे.

हा सांधा ताठ नाही. थोडा फिरतो. तुमच्या काँक्रीटच्या चौकटीत सांधा फिरला तर तडा गेला; इथं सांधा फिरला तर नुसताच फिरला, ओझं शेजारच्या सांध्याकडं सरकलं. घरात असे शेकडो सांधे. एक दमला की बाकीचे वाटून घेतात. एकत्र कुटुंबासारखं आहे, कुरकुर होते पण चूल पेटते. त्यात मधल्या चौकोनांत भरलेला कूड. होय, आपला कोकणातला कूडच: ओकच्या उभ्या पट्ट्यांत काटक्या विणायच्या, त्यावर चिकणमाती, पेंढा आणि शेण, वरून चुना. हा भरावही वाकतो, चिरतो, पण चौकटीबरोबर चालतो. सिमेंट चालत नाही, त्याकडं येतोच.

शिवाय घराच्या तीन बाजू चौकाभोवती एकमेकींना टेकून आहेत. आणि वरचे मजले खालच्याच्या पुढं सज्ज्यासारखे निघालेत तेही नुसती हौस म्हणून नाही. जमिनीच्या कड्या, म्हणजे फळ्यांखालची आडवी लाकडं, भिंतीच्या बाहेर काढल्या आणि वरची भिंत त्या टोकांवर ठेवली, की कडीच्या मधल्या भागावर माणसं-सामानाचं जे वजन येतं त्याला टोकावरच्या भिंतीचं वजन तोलून धरतं. कडी मधे कमी वाकते. हिशेब कुणी कागदावर केला नसेल, पण हाताला ठाऊक होतं.

नुसत्या लाकडाच्या पुण्याईवर सोडून देणं मात्र खोटं होईल. घर पडता पडता वाचलं आहे. १६४०च्या दशकातल्या यादवीत मॉर्टन राजाच्या बाजूनं होते. पार्लमेंटच्या लोकांनी घर ताब्यात घेऊन सैनिक ठेवले. घराणं कर्जात बुडालं, बरीच जमीन विकली, आणि पुढं घर कुळांना भाड्यानं दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा बराच भाग रिकामा होता. माझं मत विचाराल तर या गरिबीनंच घर वाचवलं. पैसा असता तर अठराव्या शतकात हे पाडून विटांचं, खांबांच्या देवडीचं नवं घर बांधलं असतं. शेजारच्या कित्येकांनी तेच केलं. १८९२ मध्ये घर आलं एलिझाबेथ मॉर्टन या बाईंकडं. त्या अँग्लिकन जोगीण होत्या. त्यांनी घरातलं प्रार्थनामंदिर दुरुस्त केलं आणि लांब दालन फाकू नये म्हणून त्यात पोलादी गज घातले तेही बहुधा त्यांनीच. १९१२ मध्ये त्या वारल्या. चुलतभावाला घर देताना अट एकच: विकायचं नाही. पुढं १९३८ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडं गेलं. १९७७ मध्ये छपराचे दगड सैल झाल्याचं आढळलं आणि मग सहा टप्प्यांत मोठी दुरुस्ती झाली. म्हणजे ‘पाचशे वर्षं आपोआप उभं’ असं नाही. दर शतकात कुणीतरी आधार दिलाय.

मग सरळ का नाही केलं?

इथं माझीच एक फजिती सांगतो. इकडं येऊन दोनेक वर्षं झाली होती. एक शेतघर, सोळाव्या-सतराव्या शतकातलं. मधली तुळई चाळीसेक मिलिमीटर बसलेली. मी हातात लेव्हल घेऊन, तरुण रक्त, म्हटलं उचलूया. बरोबरचा म्हातारा सुतार नुसता हं म्हणाला. खाली जॅक लावले, रोज दोन मिलिमीटर. तीन दिवस मी खूश. चौथ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई जिन्यावरून ओरडल्या. वरच्या झोपायच्या खोलीचं दार उघडेना, आणि त्याच भिंतीतल्या खिडकीची दोन तावदानं तडकली होती. दार का अडकलं? कारण दीड-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्या तिरक्या चौकटीत बसावं म्हणून दारही तिरकं रंधून बसवलं होतं. मी चौकट सरळ करायला निघालो आणि दार तिरकंच राहिलं. जॅक उतरवले. तुळई लगेच होती तिथं परत आली, आणि म्हाताऱ्यानं तेव्हा कुठं तोंड उघडून चहा मागितला.

लिटल मॉर्टनमध्ये हेच हजारपट. नुसत्या खिडक्याच घ्या: सुमारे तीस हजार छोटी तावदानं, चौकोन, शंकरपाळे, गोल, त्रिकोण अशा नक्ष्यांत, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली. शिसं मऊ, म्हणून चौकट हळूहळू कलली तसं तेही कललं. ते एकदम उलट्या दिशेनं ढकललं तर शिसं कदाचित वळेल, काच फुटेल. लांब दालनाच्या दोन टोकांना गिलाव्यात उठावदार चित्रं आहेत, एकीकडं चक्र घेतलेलं दैव आणि दुसरीकडं गोल घेतलेली नियती. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या १५५६ मधल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्रावरून ती उतरवलेली. हा तोच माणूस ज्यानं पुढच्या वर्षी बरोबरचं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, पहिल्यांदा छापल्या. ज्या घरात दोन रेघा समांतर सापडायच्या नाहीत तिथं हा गृहस्थ भिंतीवर असावा, याचं मला दर वेळी हसू येतं. तर तो गिलावा वाकड्या भिंतीवर चिकटून आहे. भिंत हलवा, गिलावा सुटेल.

आणि मुळात तुळई सरळ होणारच नाही, ते वर सांगितलं. एक टोक उचललंत तर तिची कमान तशीच राहून दुसरीकडं पोकळी पडेल. मग नवी तुळई घालणार. मग खांब नवे. शेवटी घर सरळ होईल, पण ते दुसरं घर असेल.

एकोणिसाव्या शतकात असे उद्योग भरपूर झाले. जुन्या चर्चांचे गिलावे खरवडून, खांब बदलून ‘मूळ रूप’ द्यायची लाट आली होती. त्याला वैतागून १८७७ मध्ये विल्यम मॉरिस, फिलिप वेब वगैरेंनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात: दुरुस्ती करा, जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवं रूप देऊ नका. आम्ही आजही त्याच वाटेनं काम करतो. वाक आहे तो मोजायचा, वाढतोय का पाहायचा. चिरेवर छोटं मोजमापाचं पट्टं चिकटवून वर्ष-दोन वर्षं नोंदी घ्यायच्या. उन्हाळा-हिवाळ्यात ती थोडी उघडते-मिटते, तिला काळजी नको. एकाच दिशेनं सरकत असेल तर आधार द्या. खांबाचं बूड कुजलं असेल तर कुजलेलं तेवढंच कापा, नवा ओक तिरक्या लांब सांध्यानं जुळवा, आणि नव्या तुकड्यावर दुरुस्तीचं वर्ष कोरा. नव्याला जुनं दाखवायचा रंग देणं मला स्वतःला अजिबात पटत नाही. दिसू दे ना नवं. काही वर्षांत ते आपोआप राखाडी होतंच.

आता काळं-पांढरं. तुम्ही विचारलंत की डांबर लावून लाकूड टिकवायची ही जुनी पद्धत का. जुनी नव्हे, बरीचशी व्हिक्टोरियन हौस आहे. त्याआधी अशा घरांचा ओक उघडा, ऊन-पावसानं चंदेरी-राखाडी झालेला असायचा, किंवा भराव आणि लाकूड दोन्हींवरून एकच चुन्याचा हात फिरायचा. भरावांना पिवळट मातकट रंग असायचा. एकोणिसाव्या शतकात चेशरला काळ्या-पांढऱ्याचं प्रेम जडलं आणि जुन्या घरांनाही ते फासलं. पुढं लोकांना वाटू लागलं की ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातलं, घर म्हणजे झेब्राच. विर्रल भागात १८९१ मध्ये एका साबणाच्या कारखानदारानं लिटल मॉर्टनसारखं घर बांधलं, आणि पुढं १९३०च्या सुमारास नव्या मालकानं ते चक्क सोडवून दुसरीकडं नेऊन उभं केलं. जर्मनीत पोट्सडॅमचा त्सेत्सिलिएनहोफ राजवाडाही त्यावरून सुचला असं सांगतात. १९४५ची पोट्सडॅम परिषद झाली तोच.

रंगापेक्षा घातक ते नंतरच्या काळातलं सिमेंट. श्रॉपशरमध्ये एका छोट्या घरावर बोलावलं होतं. बाहेरून टापटीप: पांढरं सिमेंट, काळा चकचकीत ऑइलपेंट. मालक म्हणाले, एका कोपऱ्यात वास येतो. मी तळाच्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर टेकवला, ठोकलाही नाही, तो मुठीपर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच, ओल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी होतं. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट हलत नाही, दोहोंत केसाएवढी फट पडते, पाऊस फटीतून आत जातो आणि वरच्या रंगामुळं बाहेर पडत नाही. चुना आणि माती ते पाणी शोषून वाऱ्यावर सोडून देतात. शिवाय ओलसर ओक म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला मेजवानी. नर-मादी एकमेकांना बोलावतात ती लाकडावर डोकं आपटून. रात्री आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून इंग्रजीत त्याच्या नावात मृत्यू आलाय. लोक औषध फवारतात. ते जाड तुळईच्या आत पोचत नाही. आधी पन्हळ दुरुस्त करा, लाकूड सुकू द्या, किडा आपोआप कंटाळतो.

समोरच्या भिंतीवरची नक्षी मात्र बारकाईनं पाहा, तुम्ही ती घाईत ओलांडली असं वाटलं. तिरक्या पट्ट्यांचे शंकरपाळे, चार पाकळ्यांची फुलं. यातल्या बऱ्याच लाकडाला उभं राहण्याच्या कामात फारसा वाटा नाही. घर याच्या निम्म्या ओकमध्ये उभं राहिलं असतं. ‘आमच्याकडं ओक उधळण्याइतका आहे’ असा तो जाहीरनामा. कुणी दागिने घालतं, मॉर्टननी भिंतीला घातले.

आणि चौकात उभं राहून १५५९च्या त्या दोन खिडक्या. इतक्या खेटून काढल्यात की वर त्यांची छपरं एकमेकींत घुसतात. अंतर मोजायचंच राहिलं की काय असं वाटतं. त्यांच्यावर मजकूर कोरलाय. आधी देवाचं नाव, मग विल्यम मॉर्टननं या खिडक्या या साली करवल्या, आणि मग, वेगळ्या ओळीत, रिचर्ड डेल सुतार यानं देवाच्या कृपेनं या खिडक्या घडवल्या. सुतार या शब्दाचं स्पेलिंगही त्याच्या उच्चाराप्रमाणं, ‘कार्पेडर’. मी मोजलेल्या वाड्यांत बांधवणाऱ्याचं नाव बऱ्याचदा सापडलं, सुताराचं एकदाही नाही. म्हणून असेल, मी तिथं नेहमी जास्त रेंगाळतो.

अशा जुन्या चौकटींवर आणखी एक लिखाण असतं, ते मिरवायचं नसून कामाचं. चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवायची, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर पटाशीनं एकच रोमन आकडा खोदायचा, मग सगळं सोडवून बैलगाडीनं जागेवर नेऊन परत जुळवायचं. चार हा आकडा चार उभ्या रेघांनीच लिहितात, पाचातून एक वजा अशा रीतीनं नाही, कारण तुळई उलटी पडलेली असली तर चाराचा सहा व्हायचा. पुढच्या वेळी मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. तिरक्या उजेडात ते उठून दिसतात.

राहिले तावदानावरचे ओरखडे. मुलीनं ‘आजकालची पोरं’ म्हटलं असं लिहिलंत. ती पोरं जाऊन काही शतकं झाली. अंगठीतल्या हिऱ्यानं काचेवर लिहायची जुनी खोड आहे ती. तिथल्या एका काचेवर दोन ओळींचा जोड आहे, त्याचा अर्थ साधारण असा: सावलीवरून बाईनं कुठलं वस्त्र नेसलंय ते जसं कळत नाही, तसं कितीही जपून पाहिलं तरी तिचं मन पुरुषाला कळत नाही. कुणावर चिडून लिहिलं, देव जाणे. शिशाच्या पट्ट्यांत अडकलेली, हातभर अंतरावरून हिरवट दिसणारी ती काच अजून तिथं आहे, कारण तिच्याभोवतीची चौकट आजवर कुणी सरळ करायला गेलं नाही.